‘पगाराचे नुकसान’ की कमाईचे?

डिचोलीचे एक वाचक वकिलांच्या कार्यालयात भाषांतराचे काम करतात. अपघाताच्या दाव्याला जोडायच्या अहवालाचे मराठी करताना ते तीन जागी अडले. अहवाल लिहिणाऱ्याला ‘कामगार अर्थतज्ञ’ म्हणावे का? तो न्यायालयात उभा राहिला की ‘तज्ञ साक्षीदार’ होतो का? आणि अहवालाचा जो गाभा, म्हणजे जखमी माणसाची पुढे कमावण्याची क्षमता किती गेली, त्याला ‘पगाराचे नुकसान’ म्हटले तर चालेल का?

तिसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथे अडकले आहेत. चालणार नाही. बातम्यांत, दाव्यांच्या मसुद्यांत आणि बोलण्यातही ‘सत्तर टक्के अपंगत्व, म्हणून सत्तर टक्के पगाराचे नुकसान’ हे वाक्य सर्रास भेटते. त्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही जखमी माणसाला महागात पडतात.

पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ साली आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा संग्रहच छापला. सहसा विसरले जाते ते असे की मुळात ‘पगार’ हे क्रियापद आहे: पैसे चुकते करणे. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याचे देणे देऊन त्याला गप्प केले की व्यवहार मिटला. क्रिया देणाऱ्याची, शांतीही देणाऱ्याला. काम करणारा या शब्दात कुठेच नाही.

कमाईचे तसे नाही. संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, त्यावरून कमावणे. आता मराठीत हे क्रियापद कुठे कुठे वापरतात ते पाहा. चांभार कातडे कमावतो. पैलवान शरीर कमावतो. गवयाचा आवाज कमावलेला असतो. पडीक जमीन खणून, दगड वेचून, खत घालून कमावतात. आणि मुलगा पैसे कमावतो. कोशांत हे अर्थ एक, दोन, तीन असे आकडे घालून सुटे मांडतात, जणू शेजारी राहणारे अनोळखी लोक. ते मला मुळीच मान्य नाही. माझ्या मते अर्थ एकच आहे: एखादी वस्तू राबून राबून कामाला योग्य करणे. पैशाचा अर्थ त्याचा फळता फाटा. पैसे कमावतो तो आधी हात कमावतो. नारळ पाडणाऱ्या पाडेलीने माडावर चढण्यासाठी पायांची पकड आणि हातांचा तोल कमावलेला असतो, टिपरचालकाने घाटातल्या वळणांचा अंदाज कमावलेला असतो. अपघातात जाते ते हे कमावलेपण. महिनाअखेरचे पैसे थांबतात तो त्याचा परिणाम.

श्रमाचे अर्थशास्त्रज्ञ हेच वेगळ्या भाषेत सांगतात. जेकब मिन्सर यांनी दिलेल्या समीकरणात माणसाची कमाई दोन गोष्टींवरून काढतात: शिक्षणाची वर्षे आणि कामाच्या अनुभवाची वर्षे. अनुभवाच्या वर्षांचा वर्गही (आकडा त्याच आकड्याने गुणून) घ्यावा लागतो, कारण सुरुवातीला कमाई भरभर वाढते, मग वाढ मंदावते आणि उतारवयात ती खाली येते. आपल्या चांभाराचे आणि गवयाचे क्रियापद नेमके हेच धरून बसले आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

भाषाशुद्धीवाले म्हणतील, पगार नको तर वेतन घ्या. वेतन जुनाच शब्द आहे. पाणिनीचे सूत्रच आहे ‘वेतनादिभ्यो जीवति’ (४.४.१२), त्यावरून वैतनिक, म्हणजे वेतनावर जगणारा. पण वेतनही कुणीतरी द्यावे लागते, तेव्हा अडचण तीच राहते. परिभाषा घडवणारे ‘उपार्जनक्षमता’ सुचवतात. त्याला माझा विरोध नुसता जडपणासाठी नाही. अर्जन म्हणजे मिळवणे. भाडेही मिळते, व्याजही मिळते, वारसाही मिळतो; आणि हात गेला म्हणून घरभाडे थांबत नाही. दाव्यात मोजायची ती फक्त श्रमाची मिळकत, आणि ‘कमाई’च्या पोटात कर्म असल्यामुळे तो भेद शब्दातच झालेला आहे.

गोव्यात हा भेद रेंदेराच्या, म्हणजे माडाचा रस (सूर) काढणाऱ्याच्या, दाव्यात सर्वांत चांगला दिसतो. रेंदेर हा पोर्तुगीज ‘रेंदैरु’, म्हणजे खंडाने घेणारा. ‘रेंद’ म्हणजे खंड, भाडे. नाव भाड्याचे, पण जगणे निव्वळ अंगमेहनतीचे: दिवसातून तीनदा माडावर चढायचे. तो पडून जायबंदी झाला तर त्याच्या मिळकतीचे दोन भाग करावे लागतात. सूर काढण्याची मेहनत गेली. पण फेणीची भट्टी मुलगा चालवत राहिला, तर भांड्यांची आणि भट्टीची मिळकत गेलेली नाही. दोन्ही एकत्र करून मोठा आकडा मांडला की उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला सगळा अहवाल डळमळतो. पावती नसते, म्हणून पुरावा दुसरीकडून जमवावा लागतो: अबकारी परवान्यावरचे माड, सूर विकत घेणाऱ्याची वही, भाटकाराची (बागायतीच्या मालकाची) नोंद. पाडेलीला माडामागे पैसे मिळतात, तेव्हा किती माड, वर्षातून किती वेळा पाडप आणि पावसात किती दिवस खाडा हे मांडावे लागते. तेही नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाचा आकडा धरते, आणि कुशल माणूस अकुशलाच्या भावाने मोजला जातो.

आता टक्क्यांची चूक. डॉक्टरचा दाखला शरीराबद्दल बोलतो, धंद्याबद्दल नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे फोड करून सांगितले आहे. उजव्या हाताचे ६० टक्के आणि डाव्या पायाचे ८० टक्के मिळून शरीराचे १४० टक्के अपंगत्व होत नाही. एका अवयवाचा टक्का संपूर्ण शरीराचा नसतो आणि शरीराचा टक्का कमाईचा नसतो. डावा हात तुटला तर सुताराची किंवा चालकाची कमावण्याची क्षमता जवळजवळ पूर्ण जाते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच चालू राहते. म्हणून आधी हा माणूस कोणत्या हालचाली करू शकतो ते पाहायचे, मग त्याचा धंदा आणि वय, आणि शेवटी जुने काम जमेल, हलके काम जमेल की काहीच जमणार नाही ते ठरवायचे. हलके काम जमणार असेल तर त्याची कमाई वजा होते.

आकड्यांत पाहा. समजा पाडेलीचे वय ३४, सिद्ध झालेली कमाई महिना १८,००० रुपये. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के जोडायचे: ३,०२,४००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार ४८,३८,४००. दाखल्यावरचे ७० टक्के आंधळेपणाने लावले तर ३३,८६,८८०. हा माणूस पुन्हा माडावर चढणारच नसेल आणि दुसरे काम जमणार नसेल, तर १४,५१,५२० रुपये एका चुकीच्या वाक्यात गेले. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो, अविवाहित असेल तर निम्मा, दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश; जखमी माणूस जिवंत आहे, जेवतो आहे, त्याच्या दाव्यात ही वजावट नसते. मसुद्यांत ही गफलतही होते.

गुणक म्हणजे उरलेली वर्षे, असेही पुष्कळांना वाटते. ३४ पासून साठीपर्यंत वर्षे २६ आहेत, गुणक मात्र १६. कारण रक्कम आज एकदम मिळते आणि तिच्यावर व्याज येते. २६ वर्षे दरवर्षी एक रुपया मिळणार असेल तर चार टक्के दराने त्याची आजची किंमत १५.९८ रुपये होते, म्हणजे तक्त्याचा १६ नेमका बसतो. पण पंचेचाळिशीला गुणक १४ आणि साठीपर्यंतची वर्षे १५. तिथे दर जेमतेम एक टक्का पडतो. तक्ता सगळ्या वयांना सारखा वागवत नाही, हे अर्थशास्त्रज्ञाने अहवालात लिहून ठेवले पाहिजे. अमेरिकेत असा तयार तक्ता सक्तीचा नाही. तिथे तज्ज्ञ वाढीचा दर, कामात राहण्याची अपेक्षित वर्षे आणि व्याजाचा दर स्वतः मांडतो. १९८३ च्या फायफर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की महागाई वगळून एक ते तीन टक्क्यांमधला दर कारण देऊन धरला तर निकाल उलटवू नये. तो दावाही बार्जवर घसरून जायबंदी झालेल्या कामगाराचा होता. मांडवी आणि जुवारीवर बार्ज पाहणाऱ्यांना तो परका वाटू नये.

पगार आणि कमाई यांची गल्लत किती घातक ठरते त्याला २०१२ साल साक्षी आहे. त्या वर्षी गोव्यातले खाणकाम थांबले आणि टिपर उभे राहिले. बंदीनंतर दोन महिन्यांनी एखादा चालक जायबंदी झाला असे धरा. त्याचा त्या महिन्याचा पगार शून्य. ‘पगाराचे नुकसान’ लिहिले की भरपाईही शून्याकडे झुकते. कमावण्याची क्षमता मात्र शाबूत होती, उद्या त्याने वाळू वाहिली असती, बस चालवली असती. उलट बाजूने, खनिजाच्या तेजीतले एकच वर्ष पाया धरणेही खोटे. काही वर्षांची सरासरी घ्यावी. आणि गृहिणीला तर पगार कधीच नसतो. तरी लता वाधवा निकालात (२००१) न्यायालयाने तिच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. तिथे ‘पगाराचे नुकसान’ लिहून दाखवा!

उरलेले दोन प्रश्न. ‘कामगार अर्थतज्ञ’ म्हणजे कामगार असलेला अर्थतज्ञ असे वाचले जाते. ‘श्रम अर्थशास्त्रज्ञ’ बरे. आणि तत् + ज्ञ, म्हणून तज्ज्ञ; मधला ज् खाऊ नये.

‘तज्ज्ञ साक्षीदार’ हा जोड मला खुपतो. ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१), साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. त्याला फारसी ‘दार’ लागला म्हणून काही पंडित रागावतात. तो राग व्यर्थ आहे, जमीनदारापासून भागीदारापर्यंत मराठीने तो प्रत्यय कधीच आपला केला. खरा पेच असा की अर्थशास्त्रज्ञाने अपघातही पाहिलेला नाही आणि पुढची २६ वर्षेही नाहीत. पोर्तुगीज कायदा त्याला साक्षीदारांत मोजतच नाही; तो ‘पेरितु’, अनुभवाने पारखणारा. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्येही शब्द तज्ज्ञाच्या ‘मता’चाच आहे. नव्या कलमात परकीय कायदा, शास्त्र आणि कला यांच्या जोडीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ आले, त्यामुळे श्रमाच्या अर्थशास्त्राला आडवाटेने शिरावे लागत नाही. तेव्हा मसुद्याच्या मथळ्यावर ‘तज्ज्ञाचे मत’ लिहा. आत उपचाराच्या महिन्यांसाठी ‘बुडालेली कमाई’, पुढच्या आयुष्यासाठी ‘कमावण्याच्या क्षमतेची हानी’, आणि दोन्हींची बेरीज वेगवेगळ्या ओळींवर. ‘पगार’ फक्त तिथे ठेवा जिथे पगारपत्रक जोडलेले आहे.