जर्मनीतल्या एखाद्या अगदी छोट्या गावाचा इतिहास काय असतो? तिथे गावकी असते का?

मोघम सांगण्यापेक्षा एकच गाव घेतो. मी नोकरीनिमित्त होफला राहतो, बव्हेरिया राज्याच्या पार ईशान्य टोकाला. तिथून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत म्योडलारॉइट नावाचं गाव येतं. वस्ती पन्नासच्या आसपास. आपल्याकडे याला गाव नाही, वाडी म्हणतील. तरी पाहुणे आले की मी त्यांना मोठमोठे राजवाडे सोडून आधी इथे आणतो.

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. धडधाकट माणूस एका उडीत पार करील, एवढाच. पण शेकडो वर्षं तो दोन सत्तांमधली हद्द आहे. १८१० मध्ये त्याच्या काठानं नवे दगड रोवले गेले. त्यांवर एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. पहिल्या महायुद्धानंतर राजेरजवाडे गेले, १९२० मध्ये रॉइस नव्या थुरिंगिया राज्यात विलीन झालं, पण दगड जिथल्या तिथे राहिले.

तुमच्या 'गावकी असते का' या प्रश्नाचं उत्तर खरं तर याच काळात आहे. हद्द होती, पण ती कर भरताना आठवायची. शाळा आणि गुत्ता (म्हणजे गावकरी संध्याकाळी बिअर घेत बसायचे ती जागा) थुरिंगियाच्या बाजूला. चर्चला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपनला जायचे. सोयरिकी ओढ्याच्या दोन्ही अंगांना. म्हणजे पोरांची शाळा एका राज्यात आणि रविवारची प्रार्थना दुसऱ्या, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

बिघडलं ते १९४५ नंतर. थुरिंगिया रशियनांच्या वाट्याला गेलं, बव्हेरिया अमेरिकनांच्या. १९४९ मध्ये दोन स्वतंत्र देश झाले, थुरिंगिया पूर्व जर्मनीत आणि बव्हेरिया पश्चिम जर्मनीत, आणि गावातला ओढा आंतरराष्ट्रीय सीमा बनला. तरीही सुरुवातीची काही वर्षं परवाना दाखवून पलीकडे जाता यायचं. २६ मे १९५२ च्या हुकुमानं तेही संपलं. पूर्व जर्मनीनं सीमेलगत दहा मीटरचा नांगरलेला पट्टा केला (पावलं उमटावीत म्हणून), त्यामागे पाचशे मीटरचा सुरक्षा पट्टा आणि त्यामागे पाच किलोमीटरचं प्रतिबंधित क्षेत्र. 'भरवशाची नाहीत' असा शिक्का बसलेली हजारो माणसं सबंध सीमेवरून उचलून आतल्या भागात नेऊन टाकली. त्या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'किडेमुंग्या'. सरकारी कागदावर आपल्याच नागरिकांना असं नाव देणाऱ्या माणसांबद्दल मी जास्त काही बोलत नाही.

म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचं उंच कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये सिमेंटची भिंत: सातशे मीटर लांब, ३.३ मीटर उंच. रात्रभर दिव्यांचा झोत. अमेरिकन सैनिक गावाला 'छोटं बर्लिन' म्हणायला लागले. पश्चिमेकडून कुणीही भिंतीजवळ येऊन पाहू शकत होतं, बघ्यांच्या बस यायच्या. पूर्वेच्या लोकांना मात्र पलीकडे हात हलवायचीसुद्धा बंदी होती. भिंतीपलीकडे सख्खा चुलतभाऊ उभा आहे, तो हात करतोय, आणि तुम्ही न पाहिल्यासारखं करून गोठ्यात शिरायचं! त्यांच्याकडे कुणाला पाहुणा यायचा तर त्यालाही परवाना लागे. आणि हे दोनचार दिवस नव्हे, सदतीस वर्षं.

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले. केनेडींनी बर्लिनमध्ये 'मी बर्लिनकर आहे' म्हटलं होतं, त्याच चालीवर ते 'मी म्योडलारॉइटकर आहे' म्हणाले. फोटो छान आले, भिंत होती तिथेच राहिली. मला विचाराल तर १९७३ च्या मे महिन्यातली गोष्ट जास्त मोलाची. सीमाक्षेत्रात यायचा परवाना असलेल्या एका माणसानं गाडी थेट भिंतीला लावली, गाडीच्या टपावर शिडी उभी केली आणि तो पलीकडे उतरून गेला.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. इथे वाट मोकळी व्हायला आणखी महिना लागला: ९ डिसेंबरला पायी जाण्यापुरती फट पडली. १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडायला घेतली. शंभरेक मीटर मुद्दाम राखली, ती आज संग्रहालयाचा भाग आहे.

आता इथे आलेला प्रत्येक जण विचारतो ते: मग गाव एक का केलं नाही? कारण आजची हद्द शीतयुद्धाची नाहीच, ती त्या जुन्या दगडांची आहे. देश एक झाला, राज्यं वेगळीच राहिली. ओढ्याच्या एका अंगाचा कारभार ट्योपन पाहतं, दुसऱ्याचा थुरिंगियातलं गेफेल. दोन महापौर, दोन पिनकोड (९५१८३ आणि ०७९२६), फोनचे दोन कोड, गाड्यांच्या नंबरप्लेटी वेगळ्या. सुट्ट्यांची तर गंमतच आहे. ३१ ऑक्टोबरला थुरिंगियात धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते, बव्हेरियाची माणसं कामावर. दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाला नेमकं उलटं. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्याही बहुतेक वेळा जुळत नाहीत, त्यामुळे शेजारशेजारची पोरं वेगवेगळ्या शाळांत आणि वेगवेगळ्या वेळी मोकळी.

भिंत पडल्यावर गावकी आपोआप सांधली गेली, असं मला वाटत नाही. दोन पिढ्यांची सवय तुटली होती. शाळा आणि चर्च यांच्यामुळे जी रोजची ये-जा व्हायची, ती परत आली नाही. ओढा ओलांडायला आता मुद्दाम कारण लागतं. ३ ऑक्टोबरला, जर्मनीच्या एकीकरणाच्या दिवशी, इथे कार्यक्रम होतो, माणसं लोटतात. पण त्यातली बहुतेक बाहेरची असतात.

यायचंच असेल तर गाडीनंच या, बसच्या भरवशावर राहू नका. संग्रहालयाला दोन तास पुरतील. भिंत आणि टेहळणीचा मनोरा पाहून झाला की लगेच निघू नका, ओढ्याकाठचे हद्दीचे दगडही बघून घ्या. बहुतेक लोक त्यांच्याजवळून भिंतीकडे बघतच पुढे जातात.