लेड झेपेलिन थोर की ब्लॅक सॅबथ? आणि प्रभाव नेमका कोणाचा जास्त?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडच्या या दोन जुन्या रॉक बँडांवरून मित्रांशी पैज लागली आहे, अर्धे झेपेलिनवाले, अर्धे सॅबथवाले, आणि निकाल एका शब्दात हवाय. एका शब्दात जमणार नाही, कारण एका वाक्यात तुम्ही दोन प्रश्न घातलेत. थोर कोण, हा एक. प्रभाव कोणाचा, हा दुसरा. माझं उत्तर असं: थोर झेपेलिन, प्रभाव सॅबथचा. शिव्या घालायच्या आधी पुढचं वाचा.

हे मला पुस्तकं वाचून कळलेलं नाही, वाजवताना कळलं. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता, मी बेसवर. ड्रमरचे आईवडील गावाला गेले की त्याच्या घरी, खिडक्यांना गाद्या लावून, सोसायटीतलं कोणी दार ठोठावेपर्यंत तालीम. सॅबथचं ‘आयर्न मॅन’ आमचं एका दुपारी बसलं. बसलं म्हणजे ओळखू येईल इतपत. पण ते जे जडपण आहे ना, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं, ते आमच्या भंगार अ‍ॅम्पमधूनही आलं. मग हुरूप चढला आणि आम्ही झेपेलिनच्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं घेतलं, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. त्यात जॉन बॉनम बास ड्रमवर तीन-तीनच्या झुपक्यातले ठोके देतो. आमचा ड्रमर छातीठोक सांगत होता की दोन पेडल असल्याशिवाय हे शक्यच नाही. बॉनमने ते एका पायाने, एका पेडलवर वाजवलंय हे कळल्यावर त्याने आठवडाभर प्रयत्न केला, पोटरीत गोळे आणले आणि शेवटी ‘हे गाणं तसं फार काही भारी नाही’ असं जाहीर केलं.

माझं सगळं म्हणणं या दोन दुपारींत आलं. सॅबथकडून उचलता येतं, झेपेलिनकडे नुसतं बघत बसावं लागतं.

गंमत म्हणजे हे लोक एकमेकांचे शेजारीच. सॅबथचे चौघेही बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टनचे, आणि झेपेलिनमधले गायक रॉबर्ट प्लँट व बॉनम त्याच भागातले. सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी, त्याच्या लग्नात बॉनम त्याचा बेस्ट मॅन होता. म्हणजे तुमच्या मित्रांमध्ये जेवढं वैर आहे तेवढं त्यांच्यात कधी नव्हतं. आणि सुरुवातीला दोघांचीही सारखीच धुलाई झाली, रोलिंग स्टोन मासिकाने दोघांच्याही पहिल्या अल्बमला झोडपलं होतं.

पण दोघांची जडणघडण फार वेगळी. झेपेलिन 1968 साली जमलं तेव्हा गिटारवरचा जिमी पेज आणि बेसवरचा जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंत मुरलेले वादक होते. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं वाजवलेलं, माइक कुठे ठेवला की काय ऐकू येतं हे पाठ झालेलं. सॅबथकडे यातलं काही नव्हतं. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जायचा त्याचा विचार नव्हता, आईने बळेच पाठवलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं जळून निकामी झाली होती आणि तरी तो तसा वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. शिंपी सुई टोचू नये म्हणून अंगठीसारखं टोपण घालतो, तसंच काहीसं.

आता यातून काय झालं ते बघा. टोपणातून तार जाणवत नाही, आणि जाड तारा दाबल्या की दुखतं. म्हणून हलक्या तारा, आणि पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधल्या काही गाण्यांत त्याने गिटार चक्क तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल पडाव्यात म्हणून. गीझर बटलरने बेसही तितकाच उतरवला. बोटं वाचवायला केलेली सोय, आणि तिच्यातून तो चिखलासारखा दाट आवाज निघाला. मेटल, म्हणजे हा असा जड रॉक, वाजवणारी पोरं आज पहिल्या दिवसापासून गिटार खाली उतरवतात. यातल्या बहुतेकांची दहाही बोटं शाबूत असतात.

दुसरी गोष्ट सुरांची, आणि ही आपल्याला पटकन कळते. त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, ‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाचं. अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला, शुक्रवारी, मुद्दाम, कारण तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ. पाऊस पडतोय, घंटा वाजतेय, आणि मग तीन स्वर: खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थांबणं. बस. हार्मोनियम असेल तर वाजवून बघा. सा ते तीव्र म हे अंतर युरोपात जुन्या काळापासून सैतानी मानलेलं. आपण यमनमध्ये त्याच तीव्र मध्यमावर संध्याकाळी डोळे मिटून बसतो, ती गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे तो स्वर पंचमाकडे जातो, आयोमी त्याला कुठे जाऊच देत नाही. तिथेच अडकवून, थरथरवत ठेवतो. हे तीन स्वर कोणालाही वाजवता येतात. पुढे डूम, स्लज, स्टोनर अशी जी काही मेटलची पोटजात झाली, ती सगळी याच तीन स्वरांच्या अंगणात खेळते.

प्रभाव म्हणतात तो हा. दुसऱ्याला उचलून घरी नेता येईल असं काही तुम्ही मागे ठेवलंत का. आपल्या गाण्यातही एखादा गवई अफाट असतो पण त्याचं घराणं होत नाही, कारण त्याचं गाणं त्याच्या गळ्याबाहेर जगत नाही. सॅबथचं घराणं झालं. मेटालिका, स्लेयर, टूल, पँटेरा, गोजिरा. 5 जुलै 2025 ला अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, सॅबथचा गायक ऑझी ऑझबर्नचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा ही सगळी मंडळी एकामागून एक येऊन वाजवून गेली. ऑझीला उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला, आणि ड्रमर बिल वॉर्डसकट मूळचे चौघे एकत्र आले. सतरा दिवसांनी तो गेला. गुरुपौर्णिमाच ती, दुसरा शब्द मला सुचत नाही.

मग झेपेलिन थोर कशाने? आवाक्याने. ब्लूज, इंग्लंडचं लोकसंगीत, फंक, अरबी वळणं, नुसत्या अकूस्टिक गिटारवरची गाणी, आणि हे सगळं एकाच बँडचं आहे हे दोन सेकंदांत ओळखू येतं. 1975 चं ‘कश्मीर’ घ्या. (गाणं सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. तेव्हा यांच्यापैकी कोणी काश्मीर पाहिलेलंही नव्हतं. नाव छान वाटलं असणार.) त्यात बॉनम चारच्या मापात सरळसोट ठोकतोय, आणि गिटारचं वाक्य तीनच्या मापाचं. मांडीवर चार-चार मोजा आणि तोंडाने रिफ म्हणा. पहिल्या आवर्तनातच दोघं सुटतात, आणि बारा मात्रांनी पुन्हा समेवर भेटतात. तबला ऐकणाऱ्याला यात नवल नाही, पण आठ मिनिटं हे चाललंय आणि ऐकणाऱ्याला गणित कुठे टोचत नाही, ही खरी करामत. सॅबथला हे जमलं नसतं. त्यांना ते करायचंही नव्हतं म्हणा.

मुंबईचा धागाही याच कुतूहलातला. 1972 साली पेज आणि प्लँट मुंबईत आले आणि इथले वादक घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. ऐकलीत तर खरं सांगतो, थोडी विस्कळीत आहेत. तबला आणि तंतुवाद्यं एका अंगाने जातात, पेज दुसऱ्या. पण जगातले सगळ्यात मोठे रॉकस्टार असताना कोणी असल्या भानगडीत पडतं का?

तुमचे सॅबथवाले मित्र आता एक मुद्दा काढतील आणि तो खरा आहे: झेपेलिनने उसनवारी केली आणि नाव सांगितलं नाही. ‘होल लॉटा लव्ह’वरून विली डिक्सन यांनी 1985 मध्ये दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली आणि श्रेयात त्यांचं नाव आलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चं तर मूळ गाणंच जेक होम्स या अमेरिकन गायकाचं. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या खटल्यातून मात्र ते सुटले. मला या गोष्टीचा राग येतो. शिकागोचा काळा ब्लूजवाला आणि लंडनचा लक्षाधीश बँड, यात नाव कोणाचं गाळलं जातं हे काही योगायोगाने ठरत नाही. थोरपण मोजताना मी हे वजा करतो, आणि वजा करूनही उरतं ते पुष्कळ उरतं.

विक्रीचे आकडे वादात आणू नका. अमेरिकेतच झेपेलिनचे 11 कोटींहून जास्त अल्बम प्रमाणित झालेत, सॅबथ जवळपासही नाही. त्यातून फक्त खपलं किती एवढंच कळतं.

एका जागी मात्र माझंच म्हणणं माझ्यावर उलटतं. झेपेलिनची एक गोष्ट उचलता आली, आणि जगाने ती लुटली: बॉनमच्या ड्रमचा आवाज. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात त्यांनी ड्रम जिन्याखालच्या दिवाणखान्यात मांडले आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ड्रमला अगदी चिकटून माइक नाहीच. ऐकू येतो तो ड्रम आणि तो जिना, दोन्ही. तो ठोका वाजवणं कोणाला जमलं नाही, म्हणून लोकांनी तो सरळ रेकॉर्डवरून कापून घेतला. मूळ गाणंही 1929 चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या महापुरावरचं. इथे निदान मिनीचं नाव श्रेयात होतं.

तेव्हा पैजेचा निकाल लावायला बसाल त्या संध्याकाळी बीस्टी बॉइज या रॅप ग्रुपच्या 1986 च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं लावा, ‘राइमिन अँड स्टीलिन’. ड्रम बॉनमचे, हाच जिन्यातला ठोका. त्यावर गिटार आयोमीची, ‘स्वीट लीफ’मधली. न्यूयॉर्कच्या तीन टारगट पोरांनी दोघांनाही न विचारता एकत्र बसवलंय, आणि इतकं चपखल की जणू एकाच खोलीत वाजवतायत. दोन्ही गटांना ऐकवा आणि विचारा, यात साथ कोण कोणाची करतंय.