हात हलका, रेझर जड

या सदरात दाढीविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणारा मी, सलूनमध्ये नव्या पोरांचा हात बसवण्यात माझं आयुष्य गेलं. या वेळच्या पत्रांत सेफ्टी रेझरची पत्रं इतकी आहेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय.

प्रश्न: बरीच वर्षं तीन पात्यांच्या कार्ट्रिज रेझरने दाढी करत होतो. आता दोन धारांच्या ब्लेडचा सेफ्टी रेझर घेतला आहे. गाल ठीक निघतात, पण गळ्यावर दर वेळी आग होते आणि संध्याकाळपर्यंत लाल ठिपके उठतात. साबण बदलून पाहिला, ब्लेडची कंपनी बदलली, आफ्टर शेव्ह बदललं. आता रेझरच बदलू का?

रेझर राहू द्या. एका मागोमाग एक सगळं बदलत गेलात तर कशाने बरं वाटलं आणि कशाने नडलं हे कळणार कसं? तुमच्या यादीत हात कुठेच नाही, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे.

कार्ट्रिजचं डोकं लवचिक असतं, चेहऱ्याबरोबर वळतं. तुम्ही दाबलंत तरी तो दाब तीन पात्यांत आणि पुढच्या रबरी पट्टीत वाटला जातो, त्यामुळे दाबायची सवय लागते आणि ती खपूनही जाते. सेफ्टी रेझरचं डोकं घट्ट असतं आणि एका वेळी कापणारी धार एकच. दाबलंत की कातडी फुगून धार आणि खालचा गार्ड, म्हणजे धारेखालची धातूची कड, यांच्यामधल्या फटीत शिरते. मग केसाबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडला जातो. तुमची आग बहुतेक तीच आहे, आणि ती कुठल्याही आफ्टर शेव्हने जाणार नाही.

तेव्हा आधी पकड बदला. दांडा मुठीत आवळू नका. शेवटाकडून, अंगठा आणि दोन बोटांमध्ये, पेन धरतो तसा सैल धरा. धातूच्या रेझरला स्वतःचं वजन असतं आणि गालावर कापायला तेवढं पुरतं. हाताचं काम फक्त त्याला वाट दाखवण्याचं. गळ्यावर मात्र हे गणित बिघडतं. तिथे खालून वर जाताना वजन मदतीला येत नाही, आणि नेमका तिथेच हात आपोआप जोर करतो. म्हणून गळा शिकायला वेळ लागतो. गाल चांगले निघाले म्हणजे हात बसला असं समजू नका.

कोन कसा शोधायचा ते सांगतो. रेझरचं झाकण गालाला सपाट टेकवा. दांडा गालापासून काटकोनात बाहेर येईल. या स्थितीत काहीच कापलं जात नाही. आता रेझर ओढता ओढता दांडा हळूहळू गालाकडे झुकवा. एका जागी केस कापल्याचा बारीक करकर आवाज यायला लागतो. तोच तुमचा कोन. पातं आणि कातडी यांच्यामध्ये साधारण ३० अंश भरतात, पण अंश मोजत बसू नका, कान द्या. नळ बंद, मोबाईलवरची गाणी बंद. आवाज थांबला की एक तर कोन सुटलाय किंवा तिथे कापायला केस उरलेले नाहीत. दोन्ही वेळी हात उचलायचा. हात छोटे घ्या, दोन-तीन सेंटिमीटरचे, आणि प्रत्येक एक-दोन हातांनंतर रेझर पाण्यात खळबळून घ्या. मोकळ्या हाताने कातडी थोडी ताणा. थोडीच. फार ताणून कापलं तर केस कातडीच्या पातळीखाली तुटतो आणि वाढताना आतल्या आत वळू शकतो.

आता ठिपक्यांकडे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी रेझर देत नसे. आधी स्वतःच्या गळ्याचा नकाशा काढून आणा, असं सांगायचो. तुम्हीही काढा. दाढी एक-दोन दिवस वाढू द्या आणि कोरड्या गळ्यावर बोट फिरवा. जिकडे मऊ लागतं ती केसांची दिशा, जिकडे टोचतं ती उलटी. कागदावर गळा रेखाटून बाण काढा. बऱ्याच जणांचे केस जबड्याखाली आडवे वळलेले असतात, कंठमण्याच्या एखाद्या बाजूला भोवरा असतो, आणि गळ्याच्या तळाशी तर केस चक्क वरच्या दिशेने वाढलेले असतात. अशा माणसाने सरळ वरून खाली रेझर ओढला, तर त्याला वाटतं आपण सुलट हात मारतोय. अर्ध्या गळ्यावर मात्र उलटा हात चाललेला असतो. उजवी आणि डावी बाजूही सारखी असेल असं धरून चालू नका.

भिजवण्यात कंजुषी नको. अंघोळीनंतर दाढी केलीत तर उत्तम, नाहीतर कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं चेहरा आणि गळा ओला ठेवा. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. पाणी कोमटच हवं. कढत पाण्याने कातडी आधीच लाल होते आणि मग तिच्यावर पातं चालवायचं! फेसात पाणी पुरेसं हवं. दिसायला डोंगरासारखा पण कोरडा असा फेस नुसता शोभेचा. बोटांत चोळल्यावर निसरडा लागला पाहिजे. ब्रश घेतलात तर गोल फिरवून केस उभे करा, पण गळ्यावर घासू नका. पाण्यात क्षार जास्त असतील तर साबणाचा फेस बसत नाही, नुसता चिकट थर होतो. तेव्हा साबण थोडा जास्त घ्या किंवा सरळ दाढीचं क्रीम वापरा. हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी घ्या, तिथले केस जाड असतात आणि त्यांना भिजायला तेवढीच जास्त मिनिटं मिळतात.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय: फेस पुसला गेलेल्या जागेवर ‘एवढाच राहिलाय’ म्हणून मारलेला हात, मग आणखी एक, मग आणखी एक. फेस नाही तिथे रेझर नाही. पुन्हा जायचं असेल तर पुन्हा फेस लावून.

पुढचे तीन-चार आठवडे केसांच्या दिशेने एकदाच रेझर फिरवा आणि थांबा. संध्याकाळी गाल खरखरीत लागेल. लागू द्या. दाढीचा केस दिवसाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास वाढतो, त्यामुळे उलट्या हाताने मिळवलेला गुळगुळीतपणा काही तासांचाच असतो. आग पूर्ण थांबली की दुसरी फेरी आडव्या दिशेने घेऊन बघा. उलटी फेरी गालांवर कदाचित जमेल. गळ्यावर ती काही कातड्यांना कधीच मानवत नाही, आणि त्यात हार मानण्यासारखं काही नाही. आत्ता गळ्यावर आग असेल तर आधी थोडे दिवस रेझर लावूच नका. खरवडलेल्या कातडीवर शिकता येत नाही.

प्रश्न: एक ब्लेड किती वेळा वापरावं? मित्र म्हणतो नवं ब्लेड जास्त कापतं, म्हणून तो एकच पुरवून पुरवून वापरतो.

मित्राला सांगा, कातडीला त्रास बोथट ब्लेडने जास्त होतो. ते केस सरळ कापत नाही, ओढतं. ओढलं की आपण दाबतो, आणि दाबलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलायला सांगते. जाड, दाट दाढीला तीन-चारही पुरे होतात. पहिल्यांदा ‘ओढतंय’ असं वाटलं की त्याच दाढीनंतर ब्लेड टाकायचं, मोजणी काही का म्हणेना.

गंमत अशी की केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, तरी धार जाते. ही धार जाते कशी ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. केस वाकून धारेला तिरका लागला की काठावरचे बारीक कपचे उडतात. धार हळूहळू झिजण्यापेक्षा अशी तुटत जाते. म्हणूनच एखादं ब्लेड काल बरं आणि आज अचानक नकोसं वाटतं.

दाढी झाल्यावर ब्लेड टॉवेलने पुसू नका, काठ आणि त्यावरचा पातळ लेप दोन्ही बिघडतात. पाण्याखाली धरा, झटका, कोरड्या जागी उभं ठेवा. नव्या ब्लेडने कापलं जातं हे मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्यावर उपाय हलका हात हाच आहे. कंपन्यांच्या ब्लेडमध्ये फरक असतो. वेगवेगळी आणून बघा, पण हात बसल्यावर.

प्रश्न: माझे केस कुरळे आहेत. दाढीनंतर दोन दिवसांनी गळ्यावर पुळ्या येतात आणि त्यात केस गोल वळलेला दिसतो. सेफ्टी रेझरने हे थांबेल का?

कमी होऊ शकेल. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस थोडा वर ओढतं आणि पुढचं तो कातडीच्या खाली कापतं. कुरळा केस खाली कापला गेला की टोकदार टोकासह वळून परत कातडीत घुसतो. एका पात्याने हे कमी होतं, पण तुम्हीच चार वेळा उलटा हात मारलात तर एक पातंही तेवढंच खाली कापेल.

आत्ता पुळ्या असतील तर साधारण महिनाभर रेझर बंद. अगदीच गरज पडली तर ट्रिमर वापरा, आणि तोही थोडी खुंटं ठेवून. आत वळलेला केस दिसत असेल तर ओल्या कोमट कापडाने शेकून, निर्जंतुक सुईने त्याचं टोक नुसतं वर सोडवा. उपटू नका, पुन्हा उगवताना तो आतच अडकू शकतो. पू, पसरणारी लाली, दुखणाऱ्या गाठी किंवा काळे उंच वण असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते माझं काम नाही. सुरुवात कराल तेव्हा एकच फेरी, केसांच्या दिशेने, आणि जमल्यास एक दिवसाआड.

प्रश्न: मला हाच रेझर पायांसाठी वापरायचा आहे. काही वेगळं करावं लागतं का? काखेत चालेल का?

पायाची कातडी लांब आणि बरीचशी सपाट, त्यामुळे शिकायला ती गळ्यापेक्षा बरी. अंघोळीच्या शेवटी करा. पहिली फेरी वरून खाली घ्या. त्रास झाला नाही तरच पुढच्या वेळी खालून वर. नडगीवर हाड कातडीलगत असतं, तिथे दाब शून्य. गुडघा वाकवून घ्या म्हणजे सुरकुत्या निघतील. घोट्यामागचा खळगा सगळ्यात शेवटी, अगदी छोट्या हातांनी. ओल्या साबणाच्या हातातून गुळगुळीत दांडा निसटतो, म्हणून खरखरीत दांड्याचा रेझर घ्या.

काखेतले केस दोन-तीन दिशांना वाढतात. हात वर ताणून धरा आणि दिशा बघून कापा. पायांवर हात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका. लगेच डिओडरंट मारू नका, चुरचुरतं. रात्री केस काढून सकाळी लावलं तर हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: दाढीनंतर तुरटी लावावी की आफ्टर शेव्ह?

आधी गार पाणी, मग टॉवेलने टिपणं. पुसणं नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि कातडी किंचित आम्ल, त्यामुळे साबण नीट धुऊन काढला तरच कातडी ताणल्यासारखी वाटायची थांबते. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. अल्कोहोलचं झणझणीत आफ्टर शेव्ह खरवडलेल्या कातडीला आणखी कोरडं करतं; ज्यांना ते आवडतं त्यांनी आग नसेल त्या दिवशी लावावं.

तुरटी कातडी आवळते आणि बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबवते. मी तिचा उपयोग परीक्षकासारखा करतो. ओली तुरटी चेहऱ्यावरून फिरवायची. जिथे झोंबली तिथे हात जड पडला होता. मिनिटभराने धुऊन टाकायची. कातडी कोरडी असेल तर रोज नको.

प्रश्न: घरात एक जुना सेफ्टी रेझर सापडला. त्यात आजचं ब्लेड बसेल का, आणि वापरणं सुरक्षित आहे का?

दोन धारांच्या ब्लेडचा असेल तर बहुधा बसेल. किंग कॅम्प जिलेट यांना वापरून टाकून द्यायच्या पात्याच्या रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पुढे ब्लेडची भोकं बदलली, पण आजच्या ब्लेडची मधली खाच बहुतेक जुन्या डोक्यांतही चालते. गरम पाणी, साबण आणि टाकाऊ टूथब्रशने सगळे भाग घासा, मग स्पिरिटने पुसा. गंज किंवा चीर असेल तर तो शोकेसमध्येच बरा. ब्लेड नवं आणि फक्त तुमचं. दुसऱ्याचं वापरलेलं ब्लेड कधीही लावू नका, त्यातून रक्तावाटे पसरणारी कावीळ होऊ शकते.

ब्लेड त्याच्या आखूड बाजूंनी धरून बसवा आणि आवळल्यावर रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून बघा. दोन्ही कडांनी पातं सारखंच बाहेर आलेलं हवं. जुन्या रेझरमध्ये ते पुष्कळदा एका बाजूला सरकतं. मग एक धार काहीच कापत नाही आणि दुसरी ओरबाडते. तसं दिसलं तर सैल करून, ब्लेड दोन्ही टोकांनी सरळ दाबून धरून पुन्हा आवळा. तरीही तिरकंच राहिलं तर डोकं वाकलंय. त्याने दाढी करू नका.