मोठी संख्या फोडायला बसशील तेव्हा

मोठ्या संख्या फोडायला, म्हणजे त्यांचे अवयव पाडायला, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस ना? एकच धर: ४,२९,४९,६७,२९७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात ज्वारीचा एक दाणा, पुढं दोन, चार असं दुप्पट करत गेलं की तेहेतिसाव्या घरात जेवढे दाणे येतात, त्याहून ही एकानं जास्त.

ही मूळ संख्या आहे, असं फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाला वाटायचं. ऑयलर या स्विस गणितज्ञानं १७३२ मध्ये ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७. पण उत्तर पाठ करू नको. २, ३, ५, ७ असं ओळीनं भागत तर मुळीच बसू नको. हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ नं भागलं की बाकी १ च उरते, हे ऑयलरनंच पुढं दाखवलं. म्हणजे ६४१ पर्यंतच्या मूळ संख्यांतून उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ सोडून दे. ती स्वतः फर्माचीच संख्या (२ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीनं वाढणारा घात घेऊन १ मिळवला की येते ती; २५७ मध्ये घात ८, आपल्या संख्येत ३२), आणि अशा दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. चारच भागाकार! मोबाइल बाजूला ठेवून वहीत कर. माझा ४४९ लाच हातचा चुकला होता.

जमलं की ६४१ = ६२५ + १६ = ५ × १२८ + १ एवढ्यावरून, भागाकार न करता, भाग जातो हे दाखव. मग ये.