टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हरसाठी सप्लिमेंट द्यावं का?

प्रश्न: आईला टीबीची ट्रीटमेंट सुरू होऊन महिना झाला. या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं असं जो तो सांगतो, म्हणून मामाने मिल्क थिसल, हळदीच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्यात. नॅचरल आहे, नुकसान काहीच नाही म्हणतो. सुरू करू का?

उत्तर: मामांची काळजी खरी आहे, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो. पण हळदीच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क अजिबात देऊ नका, कारण या दोन्हींनीच लिव्हरला इजा झालेले पेशंट जगभर नोंदले गेलेत. जेवणातली हळद किंवा कपभर ग्रीन टी वेगळी आणि कॅप्सूलमधला घट्ट केलेला अर्क वेगळा, त्यात हळदीच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं, ज्याने ती अंगात कितीतरी जास्त शोषली जाते. अश्वगंधाच्या गोळ्यांचंही तेच, त्यानेही कावीळ झालेली आहे.

मिल्क थिसल त्यातल्या त्यात सौम्य. त्यातल्या सिलिमरिनचे टीबीच्या पेशंटवर प्रयोग झालेत, काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही आणि द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मला खरी भीती वेगळीच वाटते. समजा उद्या एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं, तर ते टीबीच्या गोळीने वाढलं की सप्लिमेंटने हे कळणार कसं? मग टीबीचं चांगलं औषध थांबवावं लागतं, ट्रीटमेंट लांबते, आणि हे सगळं एका बिनगरजेच्या कॅप्सूलमुळे. एसजीपीटी थोडं वाढणं कॉमन आहे, पुष्कळदा गोळ्या चालू असतानाच ते आपोआप उतरतं. त्रास होत असेल आणि आकडा नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाला, किंवा त्रास नसतानाही पाचपट झाला, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात आणि नंतर एकेक करून परत सुरू करतात. हा निर्णय घरी घेऊ नका.

लघवी केशरी-लालसर होते ती रिफाम्पिसिनच्या रंगाने, त्याला घाबरू नका. पण भूक एकदम मेली, मळमळ-उलट्या थांबेनात, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी, पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना गाठा.

आणि हो, ताप आला तर पॅरासिटामॉल जपून. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, त्यामुळे नकळत डबल डोस जातो, म्हणून किती द्यायचं ते आधी विचारून घ्या. दारू पूर्ण बंद हवी. डॉक्टरांनी बी६ दिली असेल तर ती मात्र चालू ठेवा, ती लिव्हरसाठी नसते, आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून असते. पुढच्या तपासणीला मामांनी आणलेल्या तिन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवा, आणि आईने यातलं काही आधीच घेतलं असेल तर तेही स्पष्ट सांगा.