आधी फर्मे मोजा, मग मतं

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या वाचनालयातलं २०१६ सालचं भांडण डोळ्यांपुढे आलं. तुमच्या गावच्या वाचक कट्ट्यावर खाजगी डिटेक्टिव्हची एक रहस्यकादंबरी फिरली. वाचणारे अठरा, प्रती तीन. नऊ जण म्हणतात झकास, सात म्हणतात लेखकानं फसवलं, दोघांनी अर्ध्यात सोडली. आणि आता समिती म्हणते की पुढच्या खरेदीत रहस्यकथा नकोच. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

ते नंतर बघू. आधी देवघेव रजिस्टर उघडा आणि त्या सात जणांनी कोणत्या दाखल क्रमांकाची (वाचनालय प्रत्येक प्रतीला देतं तो नंबर) प्रत नेली होती ते पाहा.

हसू नका. आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं, वाचनालय सगळ्यात खालच्या ड वर्गाचं, आणि मी ग्रंथपाल, म्हणजे झाडू मारण्यापासून जमाखर्चापर्यंत सगळं मीच. त्या वर्षी दिवाळीनंतर एका डिटेक्टिव्ह कादंबरीच्या दोन प्रती आल्या. महिनाभरात गावात दोन तट. एक तट म्हणे असं पुस्तक पाहिलं नाही. दुसरा म्हणे डिटेक्टिव्हला पुरावा आभाळातून पडला.

एक पोरगं रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना पुस्तक सोबत नेत असे. ते येऊन म्हणालं, "काका, हा लेखक तेच तेच सांगून राहिला ना. ती बाई एकदा पोलिसात गेली, मंग पुन्हा जाते, तेच बोलते."

मी पुस्तक हातातही न घेता त्याला शिकवलं, "अरे, ती शैली असते. प्रसंग दुसऱ्यांदा सांगितला म्हणजे त्यात काहीतरी दडलेलं असतं. नीट वाच." पोरानं बिचाऱ्यानं ती पानं नीट, म्हणजे तिसऱ्यांदा वाचली. आजही आठवलं की कान गरम होतात.

उलगडा केला आमच्या पोलीस पाटलांनी. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं आणि पानाच्या आकड्यावर बोट टेकवलं. "एकशे साठानंतर एकशे पंचेचाळीस कसं काय जी?"

छापखान्यात पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी तयार होतं. फर्मे घडी घालून क्रमानं एकावर एक रचायचे आणि शिवायचे. रचताना दहावा फर्मा दोनदा उचलला गेला आणि अकरावा राहून गेला. म्हणून १४५ ते १६० दोनदा, आणि त्यापुढे थेट १७७. गेलेल्या सोळा पानांत डिटेक्टिव्ह सोनाराच्या दुकानात जातो आणि गहाणाच्या पावतीवरची तारीख बघतो. अख्खा खटला त्या तारखेवर उभा! रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. लेखकानं तो पाळला होता, बाइंडरनं मोडला. रजिस्टर लावून पाहिलं तर नाराज तटातले एक सोडून सगळे त्याच प्रतीचे वाचक.

माझी खरी घोडचूक मात्र ती शैलीवाली नाही. पार्सल आलं त्या दिवशी मी पानं न चाळताच दोन्ही पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकले, शिक्के मारले, आमच्या ठरलेल्या गुप्त पानावरसुद्धा (पुस्तक आपलं ओळखायला आतल्या एका पानावर मारतात तो शिक्का). विक्रेता म्हणाला, शिक्का पडलेलं पुस्तक परत घेत नाही. आणि मग ते कार्यालय. नाव घेत नाही, ज्यांनी खेटे घातलेत त्यांना कळेल. दाखल झालेलं पुस्तक निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी, केल्याशिवाय काढता येत नाही, निर्लेखनाला समितीचा ठराव हवा, ठरावाला यादी हवी, यादीत कारण हवं. तिथले बाबू विचारतात, "सोळा पानं नाहीत म्हणजे पुस्तक हरवलं लिहू का फाटलं? रकाने दोनच आहेत." मी म्हटलं, साहेब, मुळातच कमी आलं. ते म्हणे तसा रकाना नाही. एसटीनं तीन चकरा झाल्या. पुस्तक दोनशे वीस रुपयांचं, तिकिटातच त्याहून जास्त गेले. चौथ्या वेळी मी गेलोच नाही.

शेवटी चांगल्या प्रतीतली सोळा पानं झेरॉक्स करून आत चिकटवली. (खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर कसर लागते. आणि नंतर हात धुवा, ते विषारी असतं.) हे नियमात बसतं की नाही ते मला विचारू नका. मी केलं ते सांगून राहिलो, तुम्ही करा असं म्हणत नाही.

तुमच्याकडे हेच झालं असेल असं नाही. पान दुरुस्त झाल्यावरही आमच्याकडे एकमत झालं नाहीच. पोलीस पाटलांचा राग कायम: "पंचनामा व्हायच्या आधी हा प्रेताला हात कसा लावते?" त्यांचं चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे खाजगी डिटेक्टिव्हसाठी वेगळा परवान्याचा कायदाच नाही. २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही. त्यामुळे नागपूर-मुंबईत घडणाऱ्या कथेत नायक 'सरकारी परवाना' खिशातून काढून दाखवतो तेव्हा जाणता वाचक तिथंच उठतो. दुसरे एक आजोबा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार या नायकावर वाढलेले. त्यांना दहाव्या पानापर्यंत पिस्तूल निघालं नाही की पुस्तक संथ वाटतं. अशा मतांची बेरीज करून खरेदी ठरवायची नसते, असं माझं ठाम मत आहे. समितीला राग आला तरी चालेल.

आणखी एक. नाराजांतला तो जो एक चांगल्या प्रतीचा वाचक होता, त्याच्या प्रतीत ३८व्या पानावर कोणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, 'खुनी मुनीम आहे'. मी खोडरबरनं पुसलं, पण दाबून लिहिलेलं, तिरपं धरलं की अजून दिसतं. तेव्हा पानं मोजताना समासही बघा.

कट्ट्यावर 'आवडली का' हा प्रश्न बंद करा. शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी संशयिताचं नाव आणि आपण कोणत्या पानावर आहोत तो आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगा. भांडण मजेचं होतं आणि फर्मा हरवला असेल तर त्याचाही सुगावा लागू शकतो. पण कापूस वेचणीच्या दिवसांत हे करू नका, डबा रिकामा राहतो.

त्या पोराला मी झेरॉक्सची पानं चिकटवायच्या आधीच दिली होती. दारात उभ्यानंच वाचली त्यानं. म्हणाला, "मले तं मुनीम पयलेच खटकला होता," आणि सायकलवर टांग टाकून गेला. आवडली का, ते मी विचारलं नाही.

तुमच्या तिन्ही प्रतींचं काय निघालं ते इथंच लिहा. तिन्ही धड निघाल्या तर कादंबरीचं नाव कळवा. मग त्या सात जणांचं म्हणणं खरं असू शकतं.