रात्री उपाशी, तरी सकाळी साखर जास्त!

प्रश्न : माझं वय ६१, मधुमेह नऊ वर्षांपासून. झोपताना ग्लुकोमीटरवर साखर ११८-१२० असते आणि सकाळी उठल्याबरोबर १५५, कधी १६२. दोन महिने रात्रीचं जेवण बंद केलं, तरी तेच. जेवतच नाही, म्हणून रात्रीची मेटफॉर्मिनची गोळीही सोडली. मुलगा म्हणतो, "आई, रात्री उठून डबे उघडतेस का?" खरं सांगते डॉक्टर, पाण्याशिवाय काही घेत नाही.

उत्तर : ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. मुलालाही हे वाचायला द्या. डबे उघडतंय ते तुमचं यकृत!

आपण झोपलो तरी मेंदूला ग्लुकोज लागतंच. म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि हा पुरवठाही वाढतो. मधुमेह नसेल तर इन्सुलिन त्याला लगेच आवर घालतं. तुमचं तिथे कमी पडतं. उपाशी राहून हे थांबत नाही.

आता गोळीबद्दल, आणि इथे मी जरा रागावणार आहे. मेटफॉर्मिन ही जेवण पचवायची गोळी नव्हे. यकृताला साखर सोडण्यापासून आवरणं हेच तिचं मुख्य काम. जेवणासोबत घ्यायला सांगतात ते पोट बिघडू नये म्हणून. म्हणजे नेमक्या रात्रीच तुम्ही पहारेकऱ्याला सुट्टी दिलीत! तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने रात्रीचं हलकं जेवण आणि गोळी पुन्हा सुरू करा. त्याआधी पाकीट नीट वाचा. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवून साखर खाली आणणारं औषध) लिहिलेलं असेल, तर ते घेऊन उपाशी झोपणं धोक्याचं. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या औषधाला कळत नाही.

आणखी एक करा. दोन-तीन रात्री गजर लावून तीन वाजता साखर तपासा, हात धुऊन. तीनला १२० आणि सहाला १५५, तर हा पहाटेचाच प्रकार. पण ७० च्या खाली दिसली, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तोवर झोपू नका. अशा वेळी औषध वाढवायचं नसतं, बहुधा कमीच करावं लागतं. नुसता सकाळचा आकडा पाहून डोस वाढवण्याची चूक मीही सुरुवातीच्या काळात केली आहे.

पत्रात एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, उल्लेख नाही. तीन महिन्यांत तपासलं नसेल तर तेही करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना रात्री तीनचे आकडे वेळेसकट लिहून न्या.